ऐकण्यात माझी चूक झाली

हडपसरच्या ज्या हॉस्पिटलात मी विम्याचं काम बघत होते, तिथे सरांच्या केसपेपरला सगळे 'कादंबरी' म्हणायचे. नर्स एकमेकींना सांगायच्या, "सरांची कादंबरी वर पाठव गं, पेशंट ॲडमिट होतोय." इतर डॉक्टरांचा केसपेपर म्हणजे चार ओळी. त्यातल्या दोन कुणाला लागायच्या नाहीत आणि उरलेल्या दोन नुसत्या लघुरूपांच्या. सरांचा केसपेपर मात्र पान उलटून मागे जायचा आणि तिथे जागा संपली की समासात चढायचा. शिवाय तो मराठीत असायचा. वर 'रुग्णाच्या शब्दांत' असं लिहून सर खरोखरच रुग्णाच्या शब्दांत लिहायचे. मांजरी गावचे एक आजोबा "छातीत इंगळ्या डसत्यात" म्हणाले, की कागदावर इंगळ्याच यायच्या.

सर सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन आमच्याकडे सकाळची ओपीडी बघायला यायचे. राहायचे विश्रांतवाडीला, एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन नागपूरला. तिकडून हडपसरला बस बदलत यायचे आणि तरी सगळ्यांच्या आधी हजर असायचे. गळ्यात स्टेथोस्कोप आणि त्याच्या जोडीला सुतळीला बांधलेलं एक बॉलपेन. हॉस्पिटलात पेन चोरीला जातात म्हणून ही व्यवस्था. "स्टेथोस्कोप कुणी नेत नाही," ते म्हणायचे, "त्याचा उपयोग करावा लागतो." हॉस्पिटलचे मालक सर्जन होते, सरांपेक्षा वयाने बरेच लहान. पण मालक म्हणून आम्ही त्यांना 'मोठे डॉक्टर' म्हणायचो. सर स्वतःही त्यांना मोठे डॉक्टर म्हणायचे, आणि ते कौतुकाने की कशाने, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधी कळायचं नाही. मला ते 'विम्याच्या बाई' म्हणायचे. माझं नाव त्यांना माहीत होतं.

माझं काम सांगायला सोपं आहे. पेशंट दाखल झाला, त्याचा विमा असला, की मी त्याचे कागद स्कॅन करून कंपनीला पाठवायचे. तिकडे कंपनीचा डॉक्टर ते कागद वाचून ठरवायचा, खर्च मंजूर की नामंजूर. म्हणजे पेशंट दोनदा तपासला जायचा. एकदा सर त्याला तपासायचे आणि मग सरांचा कागद तपासला जायचा. या दुसऱ्या तपासणीत पेशंटला बोलायची सोय नव्हती.

सरांच्या कागदांनी कंपनीवाले हैराण व्हायचे आणि ते हैराण झाले की मी व्हायचे. एकदा पत्र आलं, केसपेपरवरील 'सासू गावाला गेल्यापासून आराम वाटतो' या वाक्याचा खुलासा करावा. मी ते सरांपुढे ठेवलं. त्यांनी शांतपणे खाली लिहिलं, "सासू परत आली आहे. त्रास पुन्हा सुरू. खुलासा झाला असावा." मी तसंच पाठवून दिलं आणि तो क्लेम मंजूर झाला. का झाला, ते मला आजही माहीत नाही. आणखी एकदा कंपनीतून एका मुलाचा फोन आला, "मॅडम, ही 'चमक' म्हणजे एक्झॅक्टली काय असतं? माइल्ड पेन की सिव्हिअर?" मी फोनवर हात ठेवून सरांना विचारलं. सर म्हणाले, "त्यांना म्हणावं, एकदा तुम्हाला येऊ दे."

त्यांचा सगळा जीव एका प्रश्नात होता. पेशंटचं सांगून झालं, की सर पेन कागदावर तसंच टेकवून विचारायचे, "अजून काय?" पेशंट काहीतरी किरकोळ सांगायचा. सर ते लिहायचे आणि पुन्हा, "अजून काय?" मग गप्प बसायचे. समोरचा चहा गार होऊन त्यावर साय यायची. बाहेरचे पेशंट दारातून डोकावून जायचे. आणि तेव्हा कुठे माणूस मुद्द्याचं बोलायचा. ॲसिडिटीची तक्रार घेऊन आलेला एक आयटीतला मुलगा अशाच तिसऱ्या 'अजून काय'ला म्हणाला, "ॲक्च्युअली सर, जॉब गेलाय. घरी सांगितलं नाहीये अजून. रोज बॅग घेऊन निघतो." सरांनी तेही लिहिलं. मी नंतर म्हटलं, "सर, हे केसपेपरवर कशाला?" ते म्हणाले, "का? त्याच्या पोटात तेच आहे."

एकदा डबा खाताना त्यांनी स्वतःहून आईची गोष्ट सांगितली. त्यांच्या वस्तीत डॉक्टर होणारे सर पहिलेच. ते शिकत असतानाच आई गेली. पोटात दुखतं म्हणून ती दवाखान्यात खेपा घालत होती. ती गेल्यावर सरांनी तिचा कागद बघितला, तर प्रत्येक खेपेला एकच शब्द लिहिलेला होता, अशक्तपणा. "आई काही कमी बोलणारी बाई नव्हती," सर म्हणाले. "गल्लीत कुणाला ऐकायची नाही. पण आमच्यासारख्यांचं म्हणणं लिहून घ्यायची तेव्हा पद्धत नव्हती." एवढं बोलून त्यांनी डब्याचं झाकण लावलं. त्यानंतर मी त्यांच्या कादंबऱ्यांवर विनोद करायचं सोडलं. मोठे डॉक्टर मात्र कुरकुरायचे. "सर, आजार लिहा ना. आत्मचरित्र कशाला लिहिता?" सर मान हलवायचे आणि पुढचं आत्मचरित्र लिहायला घ्यायचे.

मंगल आली ती या सगळ्यानंतर. मांजरीची, पस्तिशीतली. नवरा हडपसरलाच एका कारखान्यात कामाला, शहाणा, घरच्या सगळ्यांचा आजारपणाचा विमा काढलेला. जिना चढताना दम लागतो म्हणून तो तिला घेऊन आला होता. दुसऱ्या एका डॉक्टरनं रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या होत्या. सरांनी तिची छाती ऐकली, पुन्हा ऐकली, मग नवऱ्याला बाहेर बसायला सांगून पेन टेकवलं. अजून काय? अजून काय? शेवटी ती बोलली. लहानपणी एकदा ताप येऊन गुडघे, घोटे सुजले होते. अंथरुणाला खिळून होती, शाळाही बुडाली. सरांना हवं होतं ते मिळालं. त्या तापानं हृदयाची झडप खराब होत जाते आणि वर्षानुवर्षं काही कळत नाही. तिला दाखल करून घेतलं, आणि हृदयाच्या सोनोग्राफीत तेच निघालं. झडप बदलायचं ऑपरेशन करावं लागणार होतं, तेही लवकर.

सरांनी तो ताप लिहिला, हे बरोबरच होतं. ते न लिहिणारा डॉक्टर मी डॉक्टर म्हणणार नाही. पण मंगल त्यापुढेही एक वाक्य बोलली होती आणि सरांनी सवयीनं तेही अवतरणात लिहिलं होतं. 'लगीन ठरताना आई म्हनली, ह्ये दुखण्याचं तिकडं बोलू नगंस.'

कंपनीनं पहिल्या तपासणीचा कागद मागितला. मी पाठवला. तो पाठवायचाच असतो, त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. दोन दिवसांत उत्तर आलं. आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा आहे, रुग्णाला त्याची माहिती होती आणि ती दडवण्यात आली आहे, सबब खर्च नामंजूर. ते पत्र नवऱ्याच्या मोबाइलवरही गेलं. तो आईला बरोबर घेऊन माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, इंग्लिश हाय सगळं. काय म्हणत्यात, सांगा की." मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात त्यानं बोटानं पान खाली सरकवलं. पुराव्यादाखल कंपनीनं सरांचा केसपेपरच खाली जोडला होता. इतर कुठल्याही डॉक्टरचं अक्षर असतं तर त्याला ते लागलं नसतं. सरांचं अक्षर पाठ्यपुस्तकासारखं होतं. तो ते वाक्य मोठ्यानं वाचून गेला आणि वाचून झाल्यावर त्याला त्याचा अर्थ लागला.

त्याची आई म्हणाली, "म्हंजी आमाला फशिवलंय व्हय हिच्या म्हायेरच्यांनी." नवरा मोबाइलकडेच बघत राहिला. ती पुन्हा म्हणाली, "आन् त्यांनीच न्यावं आता तिला. त्यांनीच करावं काय ते." ती दोघं वर वॉर्डात न जाता गेटकडे गेली.

मी सरांना सांगितलं. ते तसेच उठून वर मंगलच्या खाटेपाशी गेले. मीही मागे गेले. नवऱ्यानं फोन करून तिला सगळं सांगितलं होतं. ती रडत नव्हती. सरांकडे बघून एवढंच म्हणाली, "मला वाटलं, तुमी औषधापुरतं लिवून घेताय."

सर तसेच खाली आले आणि लिहायला बसले.

आधी त्यांनी कंपनीला सरळ पत्र लिहिलं. या बाईला सांधे दुखल्याचं माहीत होतं, हृदय बिघडल्याचं नव्हतं. जे तिला माहीतच नाही ते ती दडवणार कसं? पत्र इतकं पटण्यासारखं होतं की मला वाटलं, काम झालं. उत्तर आलं, निर्णय कायम. त्या दिवशी सर माझ्या टेबलासमोर येऊन बसले. म्हणाले, "विम्याच्या बाई, टाइप करा." आणि सांगायला लागले. रुग्णाचे म्हणणे ऐकण्यात माझी चूक झाली. लहानपणीचा ताप व त्यासंबंधीचे बोलणे हे रुग्णाच्या दिवंगत बहिणीविषयी होते. वयोमानाने माझी श्रवणशक्ती कमी झाली असल्याने सदर मजकूर रुग्णाचा म्हणून नोंदला गेला.

माझी बोटं थांबली. "सर, तुमचे कान तर..."

"टाइप करा."

"तिला बहीण होती?"

"आता होती."

जन्मभर ज्या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता, तीच त्यांनी खोडून काढली आणि खाली सही केली. सही नेहमीसारखीच स्वच्छ. कंपनीनं ते पत्र मानलं नाही. खुलासा उशिरा सुचलेला दिसतो, असं कळवून त्यांनी फाईल बंद केली. सरांनाही तसंच होईल असं वाटत असावं, कारण त्यांनी माझ्याकडून त्या पत्राची आणखी एक प्रत आधीच काढून घेतली होती, शिक्क्यासकट. ती घेऊन ते मांजरीला निघाले. "चला बरोबर," म्हणाले. "हॉस्पिटलचं कुणीतरी असलं की कागद खरा वाटतो."

मांजरीत उसाच्या फडाला लागून नवे टॉवर उभे राहिलेत, त्यांच्या मागे मंगलचं घर. सासूनं बसायला खुर्च्या दिल्या, चहा ठेवला. राग होता, पण रीत सोडली नाही. सरांनी पत्र पुढे केलं आणि माझ्यादेखत नाटक सुरू केलं. ती काही बोलली की कानामागे हात धरायचे. "काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला, मला कमी येतं ऐकू." ती बिचारी ओरडून बोलायला लागली. सरांनी तिला तीन वेळा सांगितलं, तो ताप बहिणीचा, बोलणं बहिणीचं, चूक माझी. "तुमच्या सुनेनं काही दडवलेलं नाही. मी बहिरा आहे, आणि ते मान्य करायला लाजत होतो." नवरा दाराला टेकून ऐकत होता. त्याला ते खरं वाटलं की खरं मानायचं त्यानं ठरवलं, मला सांगता येणार नाही. पण तो म्हणाला, "आई, उद्या तिला घरी आणतो."

आम्ही निघालो. सर पुढे रस्त्यापर्यंत गेले होते. सासूनं मला दारातच थांबवून हळूच विचारलं, "म्हातारं एवढं बहिरं हाय, तर डाक्टर म्हनून ठिवलंय कशाला?" सर तिकडे पाठमोरे उभे होते. त्यांचे खांदे किंचित हलले. हसले असावेत.

ऑपरेशन पुढे एका धर्मादाय हॉस्पिटलात झालं. तिथे नंबर लागेपर्यंत व्हायचा तो उशीर झाला आणि मंगलचं हृदय आधीपेक्षा थकलं. पण ती घरी आली, आपल्या घरी. सरांना तेवढं मिळालं. त्याची किंमत हॉस्पिटलात चुकती झाली. ते पत्र सरांच्या नोकरीच्या फाईललाही लागलं होतं. शिवाय मांजरीतून दहा तोंडांनी बातमी येतच होती, की हॉस्पिटलातला म्हातारा डॉक्टर बहिरा आहे. मोठ्या डॉक्टरांनी सरांची ओपीडी निम्मी केली. "त्यांच्या तब्येतीचा विचार करायला हवा," ते मला म्हणाले, जरा मोठ्यानंच, सर शेजारून जात असताना. सरांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मी खरं सांगायला निघाले होते, पण त्यांनी मला आधीच बजावलं होतं. "कुणाजवळ बोललात, तर ते मांजरीला पोचेल. पोचू द्यायचं नाही."

बहिरेपणापर्यंत ते ठीक होते. त्यांना मोडलं ते वेगळ्याच गोष्टीनं. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी मंगल दाखवायला आली. सरांसाठी घरच्या शेतातल्या मेथीच्या जुड्या घेऊन आली होती. त्यांच्यावर तिचा राग नव्हता. त्यांनी काय केलं, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी कसल्याशा सहीसाठी आत उभी होते. सरांनी तिला तपासलं, पेन कागदावर टेकवलं आणि विचारलं, "अजून काय?"

मंगलनं त्या पेनाकडे बघितलं.

"काय नाय सर. बरं हाय."

तिला धाप लागत होती. मला दिसत होती, म्हणजे सरांना दिसतच असणार. त्यांनी पुन्हा विचारलं. ती हसली, नाही म्हणाली आणि पदर सावरून उठली. इतकी वर्षं माणसं ज्या प्रश्नाला मोकळी व्हायची, त्याच प्रश्नाला ही बाई दार लावून निघून गेली, आणि दार लावायला तिला सरांच्याच केसपेपरनं शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गळ्यात सुतळी नव्हती. ते पेशंटचं ऐकायचे, औषध द्यायचे आणि तो गेल्यावर खिशातून पेन काढून चार ओळी लिहायचे. 'अजून काय' विचारणं थांबलं. न लिहिता ऐकावं, तर ते पुढच्या डॉक्टरला कधी कळणार नाही, आणि लिहावं, तर कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. या दोन्हींच्या मध्ये त्यांना उभं राहता येईना. चहा आता गरम असतानाच प्यायला जायचा. केसपेपर इतके नीटनेटके झाले की कंपनीचे प्रश्न यायचे बंद झाले. क्लेम भराभर मंजूर होऊ लागले. मोठे डॉक्टर खूश होते. माझं काम हलकं झालं होतं आणि मला रोज सकाळी तिथे जाणं जड जात होतं.

त्याच सुमाराला सर जिन्यात थांबायला लागले. कठड्याला धरून छातीवरून हात फिरवायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "वय." इतरांना खोदून विचारणारा माणूस स्वतःच्या बाबतीत एक शब्द लिहू द्यायला तयार नव्हता. शेवटी एका सकाळी बसमध्येच कोसळले. कंडक्टरनं ओळखपत्र बघून आमच्याकडे फोन केला आणि आमच्या ॲम्ब्युलन्सनं त्यांना शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. आमच्याकडचे त्यांचे कागद, त्या पत्रासकट, बरोबर गेले.

दुपारी मी भेटायला गेले तेव्हा मुलगी नागपूरहून निघाली होती, अजून पोचायची होती. एक तरुण डॉक्टर टॅब घेऊन त्यांच्यावर वाकला होता आणि त्यांच्या कानात ओरडत होता. "आजोबा, छातीत कधीपासून दुखतंय?" शेजारच्या खाटेवरचा माणूस दचकून बघत होता. मी टॅबकडे नजर टाकली. आमच्या कागदांवरून कुणीतरी तिथे उतरवून घेतलं होतं, कमी ऐकू येते. सरांनी त्या मुलाला दुरुस्त केलं नाही. "आजच," म्हणाले. "आधी कधी? काही त्रास?" तो पुन्हा ओरडला. सरांनी मान हलवली. त्यानं स्क्रीनवर बोट टेकवलं आणि तो पुढच्या खाटेकडे गेला. चांगला मुलगा होता तो. ओरडताना चेहऱ्यावर आदर होता.

मी खाटेच्या पायाशी उभी होते. वॉर्डात ट्रॉल्यांचा खडखडाट चालला होता. माझं मलाही जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात मी विचारलं, "अजून काय, सर?"

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या हाताकडे बघितलं. भेटीचा पास भरताना काढलेलं पेन माझ्या हातात तसंच राहिलं होतं. मी ते पर्समध्ये टाकलं, पर्स खाली जमिनीवर ठेवली आणि स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले.

मग सर बोलले. मुलगी येईपर्यंत बोलत होते, थांबत थांबत, आणि मी मध्ये मध्ये अजून काय म्हणत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. विश्रांतवाडीच्या घरी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या. मंगल सासूला घेऊन आली होती. सासू मला म्हणाली, "बहिरं होतं, पर मानूस देव होता." मंगल खाली बघत राहिली. मी मान डोलावली. आज ती सासूही नाही आणि मंगलचीही ना नाही, म्हणून हे लिहायला हरकत नाही.

त्या दुपारी सर जे बोलले, त्यातलं मी इथे काही लिहिणार नाही. ते मला सांगितलेलं होतं. फक्त त्यांच्या कागदावर जे चुकीचं राहून गेलं, तेवढं दुरुस्त करते. सरांना शेवटपर्यंत स्वच्छ ऐकू येत होतं.